हार्टब्लीड : न मोजलेल्या लांबीची किंमत

मुंबई-आग्रा महामार्गावरील शिरपूर हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कापूस आणि सूतगिरणी ही या गावाची जुनी ओळख. गेल्या दोन-अडीच दशकांत तेथील अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांनी तिच्यात भर घातली. तापीच्या खोऱ्यातील खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली आज येथे संगणकशास्त्र शिकतात. 'सी' ही संगणकाची भाषा शिकताना विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीलाच एक ताकीद मिळते. बाहेरून आलेल्या आकड्यावर विसंबून संगणकाच्या स्मृतीला हात लावू नये. आधी हद्द तपासावी, मगच पुढे जावे. परीक्षेत दोन-चार गुणांपुरती वाटणारी ही ताकीद जाणत्या तज्ज्ञांच्या हातून एकदा सुटली आणि जगभरातील लाखो सर्व्हर दोन वर्षे उघडे राहिले. ही चूक 'हार्टब्लीड' या नावाने ओळखली जाते.

ही त्रुटी ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. त्याच दिवशी भारतात सोळाव्या लोकसभेच्या निवडणुकीचा पहिला टप्पा पार पडत होता. साहजिकच आपल्याकडील बहुतेक वाचकांचे लक्ष मतदानाकडे होते. मात्र जगभरातील संगणक-व्यवस्थापकांसाठी तो आठवडा झोप उडविणारा ठरला. घटनेला आता एक तपाहून अधिक काळ लोटत आहे. तरीही संगणकसुरक्षेच्या अभ्यासक्रमात हार्टब्लीडचे उदाहरण आजही आवर्जून दिले जाते. तांत्रिकदृष्ट्या ही चूक अतिशय किरकोळ होती. ती इतकी वर्षे कोणाच्याही लक्षात का आली नाही, हा प्रश्न मात्र मुळीच किरकोळ नाही.

कुलपामागचे यंत्र

बँकेचे संकेतस्थळ उघडले की पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे छोटे चिन्ह दिसते, हे अनेक वर्षे आपल्या परिचयाचे होते. काही ब्राउझरांनी अलीकडे ते चिन्ह बदलले असले तरी त्यामागची व्यवस्था कायम आहे. आपला संगणक आणि बँकेचा सर्व्हर यांच्यात जी देवाणघेवाण होते ती सांकेतिक रूपात होते. वाटेत कोणी ती अडवून वाचली तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरांखेरीज काही लागत नाही. या व्यवस्थेचे मूळ रूप 'एसएसएल' या नावाने नेटस्केप कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यास पुढे आणले. १९९९ पासून तिची सुधारित आवृत्ती 'टीएलएस' या नावाने ओळखली जाते.

हे नियम कागदावर असून भागत नाही. ते प्रत्यक्ष पाळणारे सॉफ्टवेअर लागते. प्रत्येक कंपनीने ते स्वतः लिहावयाचे म्हटले तर वेळ आणि पैसा खर्च होतो, शिवाय चुकांची शक्यता वाढते. म्हणून असे काम तयार सूचनांच्या संचाकडे सोपविले जाते. अशा संचाला 'लायब्ररी' म्हणतात. ओपनएसएसएल ही अशीच एक लायब्ररी. एरिक यंग आणि टिम हडसन यांनी तयार केलेल्या 'एसएसएलईवाय' या जुन्या संचावरून १९९८ च्या अखेरीस ती उभी राहिली. तिचा स्रोत सर्वांसाठी खुला आहे. कोणीही तो वाचावा, वापरावा, त्यात सुधारणा सुचवावी. विनामूल्य आणि भरवशाची असल्यामुळे अपाची आणि एनजिनएक्स या लोकप्रिय वेब सर्व्हरांसह असंख्य ठिकाणी ती वापरली जाऊ लागली. संकेतस्थळे, ई-मेल, कार्यालयीन जाळी, राऊटर, इतकेच नव्हे तर काही मोबाईल संचांतही ती होती. तिच्यावर विसंबून असलेल्या बहुतेक ग्राहकांनी तिचे नावही ऐकले नव्हते.

हृदयाचा ठोका

दोन संगणकांमध्ये सुरक्षित संपर्क प्रस्थापित करण्यास काही वेळ आणि श्रम लागतात. एकदा जुळलेला संपर्क मध्येच तुटू नये, समोरचा संगणक अद्याप जागा आहे की नाही हे समजावे, यासाठी २०१२ च्या फेब्रुवारीत एक नवा नियम प्रसिद्ध झाला. त्याला 'हार्टबीट', म्हणजे हृदयाचा ठोका, असे नाव दिले गेले. कल्पना सोपी होती. एका संगणकाने दुसऱ्याला लहानसा मजकूर पाठवावयाचा आणि दुसऱ्याने तोच मजकूर जसाच्या तसा परत पाठवावयाचा. उत्तर आले म्हणजे नाडी चालू आहे.

या संदेशात मजकुराबरोबर त्या मजकुराची लांबीही लिहिलेली असते. लांबी लिहिण्यासाठी दोन बाइट एवढी जागा दिलेली असल्याने तेथे जास्तीत जास्त ६५,५३५ हा आकडा लिहिता येतो. म्हणजे एका ठोक्यात सुमारे ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर आहे असा दावा पाठविणाऱ्याला करता येत असे.

हे वैशिष्ट्य ओपनएसएसएलमध्ये आणण्याचे काम जर्मनीतील रॉबिन सेगलमान यांनी केले. त्या वेळी ते डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होते. प्रकल्पातील जुने सदस्य स्टीफन हेन्सन यांनी ते काम तपासले आणि ३१ डिसेंबर २०११ रोजी, वर्ष संपता संपता, ते मूळ संचात सामील झाले. १४ मार्च २०१२ रोजी ओपनएसएसएलची १.०.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्याबरोबर ही चूकही जगभर पोहोचली.

चूक नेमकी कोठे झाली?

चूक समजण्यासाठी एका कचेरीची कल्पना करू. अर्जदार खिडकीवर एक कागद देतो आणि सांगतो, "ही चौसष्ट पानांची फाइल आहे, पोहोच म्हणून तिची संपूर्ण नक्कल मला परत द्या." कारकून कागद मोजत नाही. तो आलेला कागद टेबलावरील गठ्ठ्यात ठेवतो आणि त्या कागदापासून पुढची चौसष्ट पाने उचलून त्यांची नक्कल अर्जदाराच्या हाती देतो. त्यातले पहिले पान अर्जदाराचे असते. उरलेली त्रेसष्ट पाने मात्र इतरांची असतात : कोणाचा सातबारा, कोणाचे खरेदीखत, कोणाच्या बँकखात्याचा तपशील. कारकुनाने काही चोरलेले नाही, कुलूप तोडलेले नाही. त्याने फक्त समोरच्याने सांगितलेला आकडा खरा मानला.

ओपनएसएसएलमध्ये हेच घडत होते. हल्लेखोर एक-दोन अक्षरांचा मजकूर पाठवी आणि त्याची लांबी ६४ किलोबाइट असल्याचे लिही. प्रोग्राम आलेला संदेश स्मृतीत ठेवी आणि उत्तर तयार करताना दाव्यातील लांबीइतका भाग तेथून उचलून परत पाठवी. मजकूर संपला तरी वाचन थांबत नसे; शेजारच्या जागेत जे काही असेल तेही उत्तरात जाई. संगणकाच्या परिभाषेत याला हद्दीपलीकडील वाचन म्हणतात. शेताला बांध असतो, पण 'सी' भाषेत स्मृतीच्या दोन तुकड्यांमध्ये आपोआप राखला जाणारा बांध नाही. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः घालावयाचा असतो. वेगासाठी या भाषेने ही जबाबदारी माणसावर टाकली आहे.

विशेष म्हणजे हार्टबीटच्या मूळ नियमातच याची तरतूद होती. लिहिलेली लांबी प्रमाणाबाहेर असेल तर तो संदेश कोणतेही उत्तर न देता टाकून द्यावा, असे त्यात स्पष्ट नमूद होते. म्हणजे नियम करणाऱ्यांना धोका ठाऊक होता. त्याची अंमलबजावणी करताना मात्र ती तपासणी राहून गेली. नियम लिहिणाऱ्यांत खुद्द सेगलमान हेही होते. लांबी दर्शविणारा आकडा पडताळून पाहावयाचे आपल्याकडून राहिले आणि तपासणाऱ्याच्याही ते ध्यानात आले नाही, हे त्यांनी पुढे प्रांजळपणे मान्य केले. ही चूक हेतुपुरस्सर केल्याचा आरोपही त्यांनी फेटाळला.

स्मृतीत काय दडलेले असते?

६४ किलोबाइट म्हणजे फार नव्हे. पुस्तकाची काही पाने मावतील एवढा मजकूर. परंतु हल्लेखोराला एकदाच विचारून थांबण्याचे बंधन नव्हते. तो हाच प्रश्न हजारो वेळा विचारू शकत असे आणि दरवेळी स्मृतीचा नवा तुकडा हाती येण्याची शक्यता असे.

सर्व्हरच्या कामकाजी स्मृतीत नुकत्याच आलेल्या ग्राहकांची नावे, परवलीचे शब्द, कार्डांचे क्रमांक, ई-मेलमधील मजकूर असे बरेच काही असते. काम संपल्यावर प्रोग्राम ती जागा मोकळी करतो, पण मोकळी करणे म्हणजे पुसणे नव्हे. फळ्यावरील अक्षरे पुढचा तास सुरू होईपर्यंत तशीच राहावीत, तसा जुना मजकूर तेथे रेंगाळत राहतो. वाटेत सांकेतिक रूपात जाणारी माहिती सर्व्हरमध्ये पोहोचल्यावर वाचण्याजोग्या रूपात उलगडलेली असते. म्हणजे प्रवासात कुलूपबंद असलेली पेटी मुक्कामी उघडली जाई आणि नेमकी तेथेच ती दिसत असे.

यापेक्षाही गंभीर प्रश्न सर्व्हरच्या खासगी किल्लीचा होता. ही गुप्त किल्ली ज्याच्या हाती पडेल त्याला त्या संकेतस्थळाचा वेश घेता येतो. काही परिस्थितीत पूर्वी टिपून ठेवलेले जुने सांकेतिक संदेशही त्याला उलगडता येतात. अशी किल्ली हार्टब्लीडमधून खरोखर मिळू शकेल का, याविषयी प्रारंभी तज्ज्ञांत मतभेद होते. क्लाउडफ्लेअर या कंपनीने ११ एप्रिल २०१४ रोजी मुद्दाम एक सदोष सर्व्हर उभा करून जगाला आव्हान दिले. काही तासांतच फेदोर इंदुत्नी यांनी, आणि पाठोपाठ फिनलंडमधील इल्का मात्तिला यांनी, किल्ली मिळवून दाखविली. पहिल्याने सुमारे पंचवीस लाख विनंत्या पाठविल्या होत्या, तर दुसऱ्याला सुमारे एक लाख पुरल्या. शंकेला जागा उरली नाही.

शोध आणि वाच्यता

ही त्रुटी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडली. गूगलच्या सुरक्षा विभागातील नील मेहता यांनी ती शोधून १ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलच्या चमूला कळविली. त्याच सुमारास फिनलंडमधील कोडेनोमिकॉन या कंपनीतील अभियंतेही तिच्यापर्यंत पोहोचले. 'हार्टबीट'मधून होणारी गळती म्हणून 'हार्टब्लीड', म्हणजे हृदयातून होणारा रक्तस्राव, हे नाव कोडेनोमिकॉनमधूनच आले. तेथेच रक्त ठिबकणाऱ्या हृदयाचे बोधचिन्ह तयार झाले. एरवी सुरक्षात्रुटींची नोंद रुक्ष क्रमांकाने होते. हार्टब्लीडचाही तसा क्रमांक आहे. पण नाव आणि चिन्ह यांमुळे ही बातमी तांत्रिक वर्तुळाबाहेर पडून सामान्य वाचकांपर्यंत गेली. त्यानंतर मोठ्या त्रुटींना नावे देण्याची प्रथाच पडली.

७ एप्रिल रोजी १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली. दुरुस्ती म्हणजे मोजक्या ओळी होत्या : दाव्यातील लांबी प्रत्यक्ष आलेल्या संदेशापेक्षा जास्त असेल तर तो संदेश टाकून द्यावा. ब्रिटनमधील नेटक्राफ्ट या संस्थेच्या पाहणीनुसार, विश्वासार्ह प्रमाणपत्र असलेल्या सुरक्षित संकेतस्थळांपैकी सुमारे साडेसतरा टक्के संकेतस्थळे सदोष ठरत होती. त्यांची संख्या सुमारे पाच लाख होती. याहू आणि गूगल यांसारख्या मोठ्या कंपन्यांनाही आपल्या सेवा दुरुस्त कराव्या लागल्या. अँड्रॉइडच्या ४.१.१ या आवृत्तीतही हा दोष होता. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये ओपनएसएसएलऐवजी त्या कंपनीची स्वतःची व्यवस्था असल्याने तो मात्र वाचला. ओपनएसएसएलच्या ०.९.८ आणि १.०.० या जुन्या शाखांतही ही त्रुटी नव्हती. ज्यांनी तत्परतेने नवी आवृत्ती घेतली होती तेच या वेळी अडचणीत आले, हा यातील विरोधाभास.

माग न ठेवणारी चोरी

हार्टब्लीड हा विषाणू नव्हता. तो संगणकात शिरत नसे, फाइली नष्ट करीत नसे, पैसे वळते करीत नसे. ती केवळ उघडी राहिलेली फट होती. महाराष्ट्रातील वाचकांना फरक कळावा म्हणून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण घेता येईल. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी या बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डे आणि आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्था यांच्या साह्याने एकूण सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले आणि त्यासाठी अनेक देशांतील एटीएम वापरली गेली. हल्ल्याचा प्रकार वेगळा होता. हार्टब्लीडशी त्याचा संबंध नव्हता. तेथे पैसे गेले, व्यवहारांच्या नोंदी राहिल्या आणि पोलिसांना तपासाचे धागे मिळाले. हार्टब्लीडमध्ये बहुतेक सर्व्हरांच्या नोंदवहीत या ठोक्यांची नोंदच होत नसे. किती माहिती गेली, कोणाची गेली, कोणी नेली, हे सांगण्यास बहुतेक ठिकाणी साधनच नव्हते. घरात चोरी झाली की नाही हेच ठाऊक नसावे आणि तरीही सर्व कुलपे बदलावी लागावीत, अशी ती अवस्था होती.

तरीही काही घटना उजेडात आल्या. कॅनडाच्या महसूल खात्याला ऐन करभरणीच्या हंगामात आपल्या ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेल्याचे खात्याने जाहीर केले आणि एका १९ वर्षांच्या तरुणास अटक झाली. करविवरण भरण्याची मुदत ३० एप्रिलवरून ५ मेपर्यंत वाढविण्यात आली. ब्रिटनमधील मम्सनेट या पालकांच्या संकेतस्थळाने आपल्या सुमारे १५ लाख सदस्यांना परवलीचे शब्द बदलावयास लावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कम्युनिटी हेल्थ सिस्टिम्स या रुग्णालयसमूहातून सुमारे ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले. चोरांचा शिरकाव हार्टब्लीडच्या फटीतून झाल्याचे सुरक्षातज्ज्ञांच्या एका कंपनीने सांगितले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ही त्रुटी आधीपासून ठाऊक होती, असे वृत्तही एका वृत्तसंस्थेने दिले; त्या संस्थेने त्याचा इन्कार केला.

दुरुस्तीचा क्रम

केवळ नवी आवृत्ती बसवून काम संपत नव्हते. पहिली पायरी सॉफ्टवेअर दुरुस्त करण्याची. दुसरी पायरी जुनी खासगी किल्ली टाकून नवी तयार करण्याची, तिच्यासाठी नवे प्रमाणपत्र घेण्याची आणि जुने रद्द करविण्याची. ग्राहकांना परवलीचे शब्द बदलण्यास सांगण्याची पायरी तिसरी. हा क्रम उलटला तर श्रम वाया जात. सदोष सर्व्हरवर परवलीचा शब्द बदलणे म्हणजे नवा शब्दही हल्लेखोराच्या हाती देण्यासारखे होते. काही संकेतस्थळांनी प्रमाणपत्र नवे घेतले, किल्ली मात्र तीच ठेवली. दाराला नवी पाटी लावली आणि कुलूप जुनेच राहिले, असा तो प्रकार झाला. १.०.१ या शाखेची देखभाल २०१६ च्या अखेरीस थांबली. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या १.१.१ या आवृत्तीतून हार्टबीट हे वैशिष्ट्यच काढून टाकण्यात आले.

दोन हजार डॉलरचे कुंपण

या प्रकरणातून बाहेर आलेली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तांत्रिक नव्हती. जगातील व्यापार ज्या लायब्ररीवर चालत होता तिला वर्षाकाठी देणग्या मिळत त्या सुमारे दोन हजार डॉलरच्या. पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. बाकीचे आपापली नोकरी सांभाळून हातभार लावणारे. लक्षावधी ओळींचा हा संच वाचावयास खुला होता, पण खुला असणे आणि कोणीतरी तो खरोखर वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वांचे म्हणून जे असते त्याकडे पाहणे कोणाचेच काम नसते, हा सार्वजनिक विहिरीचा अनुभव येथेही आला.

त्यानंतर मात्र हालचाल झाली. लिनक्स फाउंडेशनने २४ एप्रिल २०१४ रोजी 'कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह' या उपक्रमाची घोषणा केली. योगायोगाने खानदेशात त्याच दिवशी लोकसभेचे मतदान होते. गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, अ‍ॅमेझॉन, आयबीएम, इंटेल आदी कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला एक लाख डॉलर याप्रमाणे तीन वर्षे मदत देण्याचे मान्य केले. ओपनएसएसएलला पूर्ण वेळ माणसे मिळाली, संचाची झाडाझडती झाली, बदल तपासण्याचे नियम कडक झाले. ओपनबीएसडीच्या चमूने जुना पसारा छाटून 'लिब्रेएसएसएल' ही स्वतंत्र शाखा काढली, तर गूगलने 'बोरिंगएसएसएल' उभी केली. एकाच संचावर सर्वांनी अवलंबून राहण्याचा धोका त्यामुळे काही प्रमाणात कमी झाला.

तरीही प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्या, पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घुसविलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्राँड या अभियंत्याला सापडला. त्या सॉफ्टवेअरची देखभाल थकलेला एकच माणूस करीत होता. मदतीच्या मिषाने आलेल्या कोणा अज्ञाताने त्याचा विश्वास संपादन करून हे काम साधले होते. हार्टब्लीडमध्ये नजरचूक होती, येथे कपट होते. पण दोन्हीकडे भार वाहणारे खांदे मोजके होते.

भाषाच बदलावी काय?

हद्दीपलीकडे वाचणे किंवा लिहिणे ही चूक 'सी' आणि 'सी प्लस प्लस' या भाषांत पुनःपुन्हा होते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे, त्या कंपनीने दुरुस्त केलेल्या सुरक्षात्रुटींपैकी सुमारे सत्तर टक्के त्रुटी स्मृतीच्या हाताळणीशी संबंधित होत्या. क्रोम ब्राउझरच्या गंभीर त्रुटींबाबत गूगलचा अनुभवही असाच होता. म्हणून 'रस्ट'सारख्या भाषांकडे कल वाढत आहे. त्यांत हद्दीची तपासणी भाषाच करते आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर ती अवलंबून राहत नाही. हार्टब्लीडसारखी चूक अशा भाषेत झाली असती तर प्रोग्राम थांबला असता, पण शेजारची माहिती बाहेर गेली नसती. परंतु चार-पाच दशकांत साचलेले 'सी'मधील सॉफ्टवेअर एका रात्रीत बदलणे शक्य नाही. तोवर स्वयंचलित चाचण्या, चमत्कारिक आकडे पाठवून प्रोग्रामची परीक्षा घेणारी साधने आणि दुसऱ्या डोळ्यांनी केलेली तपासणी, हेच उपाय आहेत.

आपल्यासाठी बोध

२०१४ मध्ये खानदेशात ऑनलाइन व्यवहार करणारे तुलनेने थोडे होते. आज शिरपूरच्या बाजारात भाजीवाल्याच्या गाडीवरही क्यूआर फलक दिसतो. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शेजारच्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. त्यानंतर शिधापत्रिका, पीकविमा, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन अशा अनेक गोष्टी संगणकजाळ्याशी जोडल्या गेल्या. त्यामुळे दूरदेशी राहून गेलेली एखादी तपासणी आता थेट आपल्या खात्याशी संबंधित ठरू शकते.

आपल्याकडे अशा त्रुटींविषयी सावध करण्याचे काम २००४ पासून 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था करते. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत तिला कळविणे बंधनकारक झाले, तसेच संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्यास सांगण्यात आले. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही संमत केला. कायदे आवश्यक आहेत. पण ज्या चोरीची नोंदच उरत नाही तिच्यापुढे कायद्याचेही हात तोकडे पडतात. तेथे उपयोगी पडते ती आधी केलेली तपासणी.

सामान्य ग्राहकाच्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. प्रत्येक ठिकाणी वेगळा परवलीचा शब्द ठेवावा, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे सुरक्षित राहतात. खात्याला मोबाईलवरील दुसऱ्या पडताळणीची जोड द्यावी. मोबाईल आणि राऊटर यांच्या दुरुस्त आवृत्त्या आल्या की बसवून घ्याव्यात. एखाद्या संस्थेने त्रुटी जाहीर केल्यास ती दुरुस्त झाल्याची खात्री करून मगच परवलीचा शब्द बदलावा. आर्थिक फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. पतसंस्था, शाळा, नगरपालिका, सहकारी संस्था यांच्या चालकांनी आपल्या संकेतस्थळामागे कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्तीचे आहे, याची यादी ठेवावी. २०१४ मध्ये जगभरातील अनेक संस्थांचा बराच वेळ केवळ सदोष आवृत्ती आपल्याकडे कोठे कोठे आहे हे शोधण्यातच गेला.

शिरपूर तालुका महाराष्ट्राला ठाऊक झाला तो आणखी एका कारणाने. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले आणि ही पद्धत 'शिरपूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. बंधाऱ्याच्या उद्घाटनाला गर्दी होते. पुढे दर काही वर्षांनी गाळ काढताना फारसे कोणी फिरकत नाही. पण पाणी टिकते ते गाळ काढणाऱ्यांमुळे. ओपनएसएसएलच्या बाबतीत जगाने हे उशिरा ओळखले. शिरपूरच्या वर्गात आज 'सी' शिकणारी मुलगी उद्या अशाच एखाद्या संचातील मोजक्या ओळी तपासण्यास बसेल. तिचे नाव कदाचित कोठेही छापून येणार नाही. समोरून आलेली लांबी तिने मोजून पाहिली, तर लक्षावधी माणसांची गुपिते जागच्या जागी राहतील.